हा फिरवू नये

फ्लॅट बघायला निघालो की मी खिशात एक काचेची गोटी टाकतो. बाथरूमच्या फरशीवर ती सोडायची आणि जाळीकडे जाते की दाराकडे, ते बघायचं. जाळीकडे गेली तर फरशीला उतार आहे. दाराकडे निघाली तर आंघोळीचं पाणी रोज पायपुसण्याला भेटायला येणार. प्रयोग एवढाच. पण तो करताना मी एक गुडघा टेकतो, एक डोळा मिटतो आणि गोटी थांबली की 'हं' म्हणतो. त्या 'हं'ने एजंटचं हसू अर्ध्यावर येतं. किमान पंचवीस हजारांनी किंमत उतरवायची ताकद त्यात आहे, असं माझं मत. बायकोच्या मते उठताना माझा गुडघा वाजतो तोच जास्त ऐकू येतो.

तसा कायद्याने मी तिथे कुणीच नसतो. घर एकट्या बाईच्या नावावर घेतलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क एक टक्क्याने कमी लागतं. त्यामुळे घेणार ती, सही तिची. मी कर्जाच्या फॉर्मवर सहअर्जदार आणि प्रत्यक्षात गोटीवाला.

पण चिडायचा अधिकार तर मला आहे? पाव किलो गवार घेताना एकेक शेंग मोडून बघणारे लोक ऐंशी-नव्वद लाखांचं घर पंधरा मिनिटांत पसंत करतात. खिडकीतून टेकडी दिसते का, देवघराला कोनाडा आहे का, बेडरूममध्ये सहा बाय साडेसहाचा पलंग मावेल का. संपलं. एकही नळ सोडून बघत नाहीत, कारण परक्या घरात नळ सोडणं बरं दिसत नाही. फ्लश ओढणं तर त्याहून नाही. आणि विकणारे ओलीच्या डागावर आदल्या आठवड्यात रंगाचा हात मारून ठेवतात. ताज्या रंगाचा वास आला की मी हल्ली नमस्कार करून थेट त्या भिंतीकडेच जातो.

बिबवेवाडीतल्या या फ्लॅटला रंगाचा वास नव्हता. तिसरा मजला, म्हणजे शेवटचा; इमारत ऐंशीच्या दशकातली. राहणाऱ्या काकू एकट्या. स्वयंपाकघरातला नळ सोडला तर पाणी आलं, पण मनाविरुद्ध. 'सकाळी फोर्स असतो,' एजंट म्हणाला.

इथे मला नानासाहेब पेशवे आठवले. ते मला आठवू नयेत याची घरचे बरीच काळजी घेतात, पण घरात नळाला पाणी कमी आलं की त्यांचा इलाज चालत नाही. सन 1750च्या सुमाराला नानासाहेबांनी कात्रजला तलाव बांधून घेतला आणि तिथून शनिवारवाड्यापर्यंत नळ आणला. नळ म्हणजे तोटी नव्हे. जमिनीखालून बांधून काढलेला मार्ग, काही ठिकाणी माणूस आत उतरून चालू शकेल एवढा. वाटेत जागोजागी उच्छ्वास, म्हणजे आत कोंडलेल्या हवेला बाहेर पडायला जागा. पंप नाही, वीज नाही, मोटार जळाली म्हणून सोसायटीची तातडीची सभा नाही. कात्रज उंचावर, वाडा खाली, मधलं सगळं काम उताराचं. त्या उतारावर काळा हौद भरायचा, नाना हौद भरायचा, फडके हौद भरायचा. पुढे वाड्यात हजारी कारंजं उडालं तेही याच पाण्यावर. (हजारी हे नाव. तोट्या मोजल्या तर हजाराच्या जवळपासही फिरकत नाहीत. सुपर बिल्ट-अपची कल्पना पुण्यात तेव्हापासूनची असावी.) आणि यातली गंमत अशी की ते पाणी याच बाजूने शहरात जायचं! म्हणजे अडीचशे वर्षांपूर्वी या परिसराखालून जे पाणी वाहत होतं, ते आज या स्वयंपाकघरात…

'पण इथे कमी का येतं?' बायकोने विचारलं.

त्याचंही उत्तर माझ्याकडे होतं. दहा मीटर उंचीला साधारण एक बार दाब मिळतो. गच्चीवरची टाकी या नळाच्या डोक्यावर जेमतेम तीन मीटर. तळमजल्यावरच्यांच्या वाट्याला कात्रजचा तलाव येतो आणि शेवटच्या मजल्याच्या वाट्याला नुसता इतिहास. हे वाक्य मी रिक्षातच जुळवून ठेवलं होतं. एजंट फोनमध्ये बघत होता. काकू मात्र शेवटपर्यंत नीट ऐकत होत्या. मग म्हणाल्या, 'साखर किती घालू?'

तोवर बायकोने नळाच्या तोंडाची जाळी फिरवून काढली होती. तिच्या तळहातावर तांबूस खपल्या होत्या.

दुसऱ्या खेपेला आम्ही प्लंबर घेऊन गेलो. तो ओडिशाचा, केंद्रापाड्याचा. तो जिल्हा प्लंबरांसाठी देशभर प्रसिद्ध आहे. तिथल्या पट्टामुंडईला प्लंबिंग शिकवणारी सरकारी संस्थाच आहे. हेही मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, 'हो काका, माझा भाऊ तिथेच शिकला.' बायकोला तो ताई म्हणत होता.

मागच्या बाथरूमचं दार उघडलं आणि दुर्गंधी आली. मी रुमाल नाकाला लावून निदान केलं: ड्रेनेज लाइन बसली, फरशी फोडावी लागणार. प्लंबरने बादलीतून एक मग पाणी घेतलं आणि जाळीत ओतलं. थोड्या वेळाने वास गेला. ते बाथरूम वापरात नव्हतं. न्हाणी ट्रॅपमध्ये जे दोन इंच पाणी कायम उभं राहून गटाराचा वास अडवतं, ते वाळून गेलं होतं. रुमाल मी हळूच खिशात घातला. गोटी आधीपासून तिथेच होती.

खरं दुखणं भिंतीत होतं. सगळी लाइन जुनी जीआयची. आतला जस्ताचा थर गेला की लोखंड गंजतं, गंजाचे थर चढत जातात आणि बाहेरून धडधाकट दिसणारा पाइप आतून बंद होत येतो. प्लंबरने सिंकखालचा अर्ध्या इंची तुकडा उघडून दाखवला. त्यात माझी पेन्सिल शिरेना. 'हे दुरुस्त नाही होणार,' तो म्हणाला. 'सगळं सीपीव्हीसीत नवीन करा. एक तुकडा बदलला की पुढच्या जॉइंटला फुटणार.'

तेवढ्यात बायकोने हाक मारली. ती बाथरूममधल्या कॉककडे बघत होती. प्रत्येकाशेजारी टाइलवर काळ्या ऑइलपेंटने, बारीक ब्रशने, वळणदार अक्षरांत लिहिलेलं होतं. 'स्वयंपाकघर. सावकाश.' 'गीझर. पावसाळ्यात घट्ट.' आणि कोपऱ्यातल्या सगळ्यात जुन्या कॉकजवळ: 'हा फिरवू नये. फिरवल्यास आधी खाली कळवावे.'

'आमच्या ह्यांनी लिहिलंय,' काकू म्हणाल्या.

आम्ही खाली कळवायला गेलो. बाथरूममध्ये ओलावा झिरपतो का हे बघायचं तर जाळी बुजवून इंच-दोन इंच पाणी चोवीस तास साठवतात आणि मग खालच्यांचं छत बघतात. खालच्या गृहस्थांनी दार उघडलं, हेतू ऐकला आणि म्हणाले, 'पाणी कशाला साठवताय? या, बघा.' छतावर मोठा डाग होता, आणि त्याचा कुठला भाग कुठल्या साली वाढला ते त्यांना पाठ होतं. संडास-बाथरूममधून खाली होणारी गळती ज्याच्या घरातून होते त्याने स्वखर्चाने थांबवायची. बाहेरच्या सामाईक लाइनीची किंवा गच्चीतून येणाऱ्या पावसाची असेल तर सोसायटीने. उपविधी सरळ आहेत, आणि तरी निम्म्या पुण्यात वरचे-खालचे एकमेकांशी बोलत नाहीत. फ्लॅट घेतला की हे भांडणही आपल्या नावावर होतं. त्यावर मुद्रांक शुल्क तेवढं पडत नाही.

मी खूश होतो, हे लपवण्यात अर्थ नाही. दोषांची यादी डायरीत वाढत होती आणि एकेक ओळ मला रुपयांत दिसत होती. वर येऊन मी ती घसा साफ करून वाचायला घेतली. तिसऱ्या मुद्द्यावर काकू उठल्या. एजंट म्हणाला, 'काकू, ती वही नको. आपलं बोलणं झालंय ना.' काकूंनी ऐकलं नाही. कपाटातून एक लांबट, कापडी पाठीची वही आणून त्यांनी माझ्यासमोर ठेवली.

पहिली नोंद 1989ची. 'मोरीचा नळ. वायसर. 75 पैसे.' पुढे पानंच्या पानं. कुठला जॉइंट कधी गळला, टेफ्लॉन लावला की सुतळी-सफेदा, टाकीतला बॉल कधी बदलला, प्लंबर किती वाजता येतो म्हणाला आणि किती वाजता आला. मध्येच एक: 'दाब कमी. टाकी जवळ आहे. उपाय नाही. सवय करावी.' नानासाहेबांसकट माझं सगळं व्याख्यान चार वाक्यांत आटोपलं होतं. आणि पुढे, लाल शाईत: 'खालच्यांच्या छताला ओल. आपला दोष. फरशी काढून कोबा नवा करावा लागेल. पेन्शनचा फरक आला की पहिलं हे काम.'

1882च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं 55वं कलम सांगतं की साध्या तपासणीत दिसणार नाही असा महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला ठाऊक असेल, तर तो त्याने घेणाऱ्याला सांगायचा. हे मी एजंटांना नेहमी ऐकवतो, आणि ते 'साहेब अभ्यासू आहेत' म्हणून विषय बदलतात. हे कलम एवढ्या मनापासून पाळलेलं मी पहिल्यांदाच बघत होतो, आणि तेही ज्याला घर विकायचंच नव्हतं अशा माणसाकडून.

लाल शाईनंतर थोड्याच पानांवर ते अक्षर संपलं. पुढे दुसरं अक्षर, मोठं, जरा तिरकं. 'सिंक गळतं.' खाली तारीख. 'बादली ठेवली.' पुन्हा तारीख. 'बादली ठेवली.' पुढचं पान: 'मोठी बादली आणली.'

मला यादीतला चौथा मुद्दा वाचता येईना. बायकोने माझ्या हातातून डायरी घेतली, मिटली आणि म्हणाली, 'काकू, आता हिशेबाचं बोलू.'

ती माझ्याहून बरी बोलते. दुरुस्ती विकणाऱ्याकडून करून मागायची नाही, हे तिने आधीच ठरवलं होतं. जाता जाता केलेलं काम कुणीही स्वस्तातच उरकतो, आणि या वयात काकूंच्या घरात फोडाफोड कशाला? नवी लाइन आणि कोब्याचा लेखी अंदाज घ्यायचा, तेवढी रक्कम किमतीतून वळती करायची आणि साठेखतात तसं कलम घालायचं. काकूंनी विचार केला. 'वहीत आहे ते माझं. वहीत नाही ते तुमचं,' त्या म्हणाल्या. फरशीच्या उताराचा उल्लेख वहीत कुठेच नव्हता, त्यामुळे गोटी वाया गेली. एजंटने मध्येच आपली दोन टक्के दलाली मूळ किमतीवर की कमी झालेल्या, असं विचारलं. तिघांनीही त्याच्याकडे पाहिलं आणि तो गॅलरीत फोन घ्यायला गेला.

साठेखताच्या मसुद्यात घराबरोबर राहणाऱ्या वस्तूंची यादी असते. पंखे चार, गीझर एक, पाण्याची टाकी एक. बायकोने वकिलांना खाली लिहायला लावलं: वही एक. वकिलांनी चष्म्यावरून बघितलं आणि किंमत किती लावू म्हणून विचारलं.

'झेरॉक्स मिळेल,' काकू म्हणाल्या. 'वही माझ्याबरोबर मुलीकडे जाणार. आणि झेरॉक्सचा खर्च घेणाऱ्याचा.'