शिरस्तेदार आणि पेरी मेसन

अण्णांची सगळी नोकरी तालुक्याच्या कोर्टात गेली, शेवटची वर्षं शिरस्तेदार म्हणून. म्हणून हौसेनं त्यांना 'पेरी मेसन' दाखवायला घेतलं. मी लावलेल्या भागात शेवटची पाच मिनिटं उरली असताना बाकावर बसलेला एक गृहस्थ ताडकन उठला आणि खुनाची कबुली देऊन हमसाहमशी रडायला लागला. अण्णांनी मला तिथंच थांबवायला लावलं.

"याला शपथ कोणी दिली?"

"अण्णा, तो कबूल करतोय."

"अरे, पण पिंजऱ्यात आहे का तो? बाकावरून ओरडलेलं रोजनाम्यात लिहायचं कसं?"

ही मालिका अमेरिकेत १९५७ ते १९६६ चालली. भाग २७१. लॉस एंजेलिसमध्ये खून व्हायचा, भलताच माणूस पकडला जायचा, मेसन त्याचं वकीलपत्र घ्यायचा. मग गुप्तहेर पॉल ड्रेक ऐन वेळी काहीतरी घेऊन कोर्टात शिरायचा आणि खरा खुनी उलटतपासणीत ढासळायचा. खून केलेला माणूस इतक्या नेमानं तारखेला हजर राहतो, हे अण्णांना खुनापेक्षा अविश्वसनीय वाटलं. त्यांच्याकडे समन्स बजावूनही कोणी फिरकत नसे.

बऱ्याच भागांत ज्यूरी नसते, कारण खरा खटला उभा राहण्याआधीची प्राथमिक सुनावणीच चाललेली असते. मला हे कधी कळलंच नव्हतं. अण्णांनी दुसऱ्या भागातच ओळखलं. "हे तर कमिटलचं काम. एवढ्यासाठी इतका घसा कोरडा करतात होय?"

त्यांचा जीव जडला तो मात्र सरकारी वकील हॅमिल्टन बर्गरवर. (नाव आखडून घेतलं की पावात घालता येतं; मेसनचे लेखक अर्ल स्टॅनली गार्डनर स्वतः वकील होते, तेव्हा सरकार पक्षाशी जुनं वैर असणार.) बर्गर आठवड्याला एक केस हरतो आणि पुढच्या आठवड्यात तितक्याच आत्मविश्वासानं हरकती घ्यायला उभा राहतो. मेसन झालेला रेमंड बर मुळात बर्गरच्या भूमिकेसाठी चाचणी द्यायला गेला होता, हे सांगितल्यावर अण्णा हळहळले. "बघ. बढती कुणाला मिळाली आणि बसलं कोण!"

मग त्यांच्या समाधानासाठी १९६३चा एक भाग शोधला. त्यात मेसन चक्क हरतो, त्याच्या अशिलाला देहदंडाची शिक्षा होते. अण्णांनी चहा मागवला. पण मेसननं पुढे खरा खुनी हुडकलाच, बाई सुटली. चहा अर्धाच राहिला. "जाऊ दे, अपिलात सुटली म्हणायची," ते म्हणाले, "खालच्या कोर्टात बर्गरसाहेब जिंकले, ते रेकॉर्डला राहिलं."

शेवटी १९६६चा शेवटचा भाग लावला. न्यायासनावर एक वयस्कर गृहस्थ होते.

"अण्णा, हे बघा, हेच गार्डनर. ज्यांनी मेसन लिहिला ते."

अण्णा खुर्चीत ताठ झाले.

"म्हणजे आरोपीचा वकील ज्यानं जन्माला घातला, तोच न्यायाधीश?"

"हो."

"मग बर्गरसाहेब बसलेत काय नुसते? अर्ज द्या म्हणावं. केस दुसऱ्या कोर्टात वर्ग करून घ्या!"