टक्कल, ताडोबा आणि पेंग्विन

भद्रावतीहून ताडोबाच्या मोहर्ली गेटकडे जाणाऱ्या रस्त्याला आमच्या एका मित्राने होमस्टे काढलाय. एक दिवस त्याला फोन आला : "भाऊ, पाचशे बॅकलिंका टाकून देतो. महिनाभरात तुम्ही गूगलवर पहिले!" पैसे भरले. यादी आली. शिफारस करणाऱ्यांत एक परदेशी जुगारअड्डा, एक दातांचा दवाखाना आणि केस उगवणाऱ्या तेलाचं पान. तेलाच्या पानावर मधेच वाक्य : 'टक्कल पडू नये म्हणून ताडोबा सफारी होमस्टे रोज दोनदा चोळावे.'

बॅकलिंक म्हणजे दुसऱ्याच्या पानावरून आपल्या पानाकडे येणारी लिंक. तिच्यामागची मूळ कल्पना तशी सरळ. १९९८ मध्ये लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी मांडलेला हिशेब : ज्या पानाकडे वजनदार पानं बोट दाखवतात, ते वजनदार. सोयरिकीत आपण हेच करतो की! मुलाची चौकशी हेडमास्तरांकडे करतो, पानठेल्यावरच्या टोळक्याकडे नाही. पण टोळकं भाड्याने मिळू लागलं, तेव्हा गूगलने २०१२ मध्ये 'पेंग्विन' नावाची चाळणी लावली. म्हणजे राहायचं वाघाच्या जंगलात आणि मरायचं पेंग्विनच्या हातून!

(भद्रावतीतल्या भद्रनागाच्या देवळाने आजवर एकही लिंक विकत घेतलेली नाही. नागपंचमीला रांग बघा. शिवाय गाव भद्रावती, स्टेशन भांदक. तरी लोक बरोबर पोचतात.)

होमस्टे सध्या सहाव्या पानावर आहे. तेल पहिल्या. मित्राने परवा एक बाटली मागवली.