लॅपटॉपला शाल

शासनाने एक परिपत्रक तातडीने काढावं. विषय : ऑनलाइन प्रमुख पाहुण्यांस शाल व श्रीफळ अर्पण करण्याबाबत. पाहुणी पुण्यात आणि सत्कार शाळेत असेल तर शाल नेमकी कुणाच्या अंगावर घालायची, याचं कसलंही मार्गदर्शन आज उपलब्ध नाही. त्यामुळे १५ ऑक्टोबरला, म्हणजे वाचन प्रेरणा दिनी, आमच्या तालुक्यातल्या एका शाळेत ती लॅपटॉपच्या अंगावर घातली गेली.

रीतसर घातली गेली. संस्थेच्या अध्यक्षसाहेबांच्या शुभहस्ते, फोटोवाल्याकडे बघत. प्रमुख पाहुण्या, म्हणजे मुलांसाठी गोष्टी लिहिणाऱ्या एक बाई, पलीकडे हात जोडून खुर्चीतून अर्ध्या उठल्या होत्या. त्यांना पडद्यावर आधी साहेबांचं पोट दिसलं, मग शालीचा जरीकाठ दिसला आणि मग काहीच दिसेना. ‘मला इकडे अंधार दिसतोय,’ असं त्या म्हणाल्या आणि नेमक्या त्याच क्षणी सूत्रसंचालन करणाऱ्या पाटीलसरांनी टाळ्यांची खूण केल्यामुळे पाचवी ते नववीने या वाक्याला टाळ्यांचा कडकडाट केला. राहिला नारळ. पाहुण्याच्या हातात द्यावा, तर लॅपटॉपला हात नाहीत. पायाशी ठेवावा, तर टेबलाचे पाय हे पाहुण्याचे पाय धरायचे की नाही, यावर व्यासपीठावर कुजबुज झाली. शेवटी शिपाईमामांनी तो कीबोर्डवर ठेवला. नारळ गोल, कीबोर्ड सपाट. तो एका बाजूला कलंडून ‘ल’वर टेकला आणि मीटिंगच्या चॅटमध्ये लललललललल अशी ओळ वाढायला लागली. ती वाचून ऑनलाइन हजर असलेल्या केंद्रप्रमुखांनी अंगठा पाठवला. आता प्रश्न असा की हा सत्कार झाला कुणाचा? संगणकाच्या सरांनी नंतर मुद्दा काढला की लॅपटॉप संस्थेच्या मालकीचा आहे, आणि संस्था कुणाच्या मालकीची आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. तेव्हा साहेबांनी शाल फिरून स्वतःलाच घातली, असाच त्याचा अर्थ निघतो. साहेबांना त्याची सवय आहे, त्यामुळे कुणाला खटकलं नाही.

खटकलं ते लॅपटॉपला. ऑक्टोबर हीट, वर पत्रे, पंखा फक्त व्यासपीठापुरता आणि अंगावर शाल. शाल काढा असं म्हणायची कुणाची हिंमत नव्हती, कारण ती साहेबांनी घातलेली. तेव्हा कॅमेऱ्यापुरती ती जरा वर खोचली, नववधूच्या पदरासारखी, आणि कार्यक्रम पुढे सुरू झाला. प्रास्ताविक झालं. पाहुण्यांचा परिचय झाला. त्यात बाईंच्या तीन पुस्तकांची नावं चुकली. अध्यक्षीय मनोगत झालं, कारण साहेबांना पुढे एका लग्नाला जायचं होतं. एवढं होईपर्यंत लॅपटॉप तापून बंद पडला. तो पुन्हा सुरू होऊन लिंक जोडली जाईपर्यंत मधली सुट्टी तोंडावर आली होती.

आता हे वाचून कुणी म्हणेल की ऑनलाइनचं हे असंच असतं, प्रत्यक्ष लेखक बोलवायला हवा होता. चूक. लिंकचा यात काहीही दोष नाही. आडगावच्या शाळेत लेखक यायचा म्हणजे एसटीचं वेळापत्रक, मुक्काम, मानधन, आणि जेवणात काय चालतं याची चौकशी. म्हणून तिथे लेखक जन्मात येत नसे. २०२० साली शाळा बंद पडल्या, घराघरांत मोबाइलपुढे मुलं बसली, तेव्हा कळलं की लेखकाला घरी बसल्या बसल्या वर्गात आणता येतं. हे ज्यांना सर्वांत आधी कळलं त्यांतल्या एक म्हणजे या शाळेच्या ग्रंथपाल मॅडम. बाईंना पत्र त्यांनी लिहिलं, होकार त्यांनी मिळवला, तोही विनामानधन. त्यांची कल्पना साधी होती : मुलांनी आधी पुस्तक वाचायचं आणि मग लिहिणाऱ्या माणसाला विचारायचं की हे असं का लिहिलंत. शाल, श्रीफळ, फ्लेक्स आणि अध्यक्षीय मनोगत ही संस्थेने त्यात घातलेली भर.

या मॅडम अर्धवेळ आहेत. पट हजाराच्या वर गेला तर ग्रंथपाल पूर्णवेळ, खाली राहिला तर अर्धवेळ, हे आपलं माप. म्हणजे शाळा लहान असेल तर मुलांनी निम्मंच वाचायचं. पगार अर्धवेळ, बाकी सगळं पूर्णवेळ : रजेवरच्या शिक्षकांचे तास, सरकारी यू-डायस पोर्टलवर भरायची माहिती, परीक्षेचे गठ्ठे. आणि कपाटं. ग्रंथालयात लोखंडी कपाटं आहेत, कपाटांना कुलपं आहेत, चाव्या हेडसरांच्या टेबलाच्या खणात आहेत आणि त्या खणाची चावी हेडसरांच्या खिशात आहे. पैसे नाहीत हे रडगाणं इथे चालणार नाही. सरकारी शाळांना समग्र शिक्षा योजनेतून ग्रंथालयासाठी वर्षाला ५,००० ते २०,००० रुपये मिळतात. खासगी संस्थांनाही कुठून ना कुठून पुस्तकं येतात. मार्चअखेर बिलं लागतात, शिक्के पडतात, दाखल नोंदवहीत क्रमांक चढतात आणि पुस्तक आत जातं. आत म्हणजे आत.

कुलूप का? तर पडताळणीत पुस्तक कमी भरलं की वसुली ग्रंथपालाकडून. पोरानं पुस्तक घरी नेलं, बैलानं खाल्लं, भरा पैसे. पावसाने पान ओलं झालं, द्या खुलासा. अहो, पुस्तक वाचलं तर ते मळणार, फाटणार, कुणाच्या तरी दप्तरात कायमचं राहणार! न फाटलेलं पुस्तक हा शाळेच्या ग्रंथालयाचा मान आहे की लाज? रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं लिहिली. पुस्तक असतं ते वापरायला, हे त्यांतलं पहिलंच. दरवर्षी १२ ऑगस्टला, त्यांच्या जयंतीला, हीच शाळा त्यांच्या फोटोला हार घालते (म्हणजे हजर नसलेल्या माणसाच्या सत्काराचा सराव इथे जुनाच आहे) आणि हार घालून झाला की कपाटाला कुलूप आहे ना, हे पुन्हा ओढून बघते. युरोपातल्या जुन्या ग्रंथालयांत पुस्तकं साखळीने फळीला बांधून ठेवत, असं ऐकून आपण हसतो. पण त्या साखळीला निदान एवढी लांबी असे की पुस्तक तिथेच उघडून वाचता यावं. आमचं कुलूप त्याहून सुधारलेलं आहे.

तर बाईंचं पुस्तक मुलांनी वाचलं कुठून? ते शाळेच्या ग्रंथालयात नाहीच. त्या शालीच्या पैशांत चार प्रती आल्या असत्या, पण शालीला वेगळं शीर्ष असतं. मॅडमनी स्वतःच्या पैशांनी एक प्रत घेतली आणि ती पर्समधून आणून मुलांत सोडली. दाखल क्रमांक नाही, शिक्का नाही, म्हणून वसुलीही नाही. जूनपासून ती प्रत सहावी-सातवीत फिरते आहे. कव्हर गेलंय, मधली दोन पानं सुटून पुन्हा चिकटपट्टीने बसली आहेत, पान चाळीसवर लोणच्याचा डाग आहे. संपूर्ण शाळेत खऱ्या अर्थाने वापरात असलेलं पुस्तक हे एकच, आणि शाळेच्या दप्तरी ते अस्तित्वातच नाही.

लिंक पुन्हा जोडली तेव्हा प्रश्नोत्तरं झाली. प्रश्न चिठ्ठ्यांवर लिहून दिलेले होते. आपणांस लेखनाची प्रेरणा कोठून मिळाली? आजच्या विद्यार्थ्यांना आपण काय संदेश द्याल? बाईंनी शहाण्या माणसासारखी थोडक्यात उत्तरं दिली. मग सातवीतली एक मुलगी चिठ्ठी न घेता उभी राहिली आणि म्हणाली, ‘शेवटच्या गोष्टीत ते कुत्रं पुलापलीकडं जातं. पुढं त्याचं काय झालं?’

पडद्यावर बाई पहिल्यांदाच पुढे सरकून बसल्या. त्यांनी तोंड उघडलं, आणि पाटीलसरांनी वेळेअभावी आभारप्रदर्शन सुरू केलं. आभार साहेबांचे, हेडसरांचे, संगणकाच्या सरांचे, शालीच्या दुकानदाराचे, इन्व्हर्टर देणाऱ्या माजी विद्यार्थ्याचे. ग्रंथपाल मॅडमचं नाव राहून गेलं. घंटा झाली, ‘मीटिंग समाप्त’ हे बटण दाबलं गेलं. जिओ टॅगचा फोटो त्याआधीच अपलोड झाला होता, त्यामुळे कार्यक्रम यशस्वी.

हे सदर त्या लेखिकाबाईंच्या वाचनात आलं तर त्यांना एक विनंती आहे. कुत्र्याचं पुढे काय झालं ते एका पोस्टकार्डावर लिहून पाठवा, पन्नास पैशांत काम होतं. फक्त ते ग्रंथपालांच्या नावाने पाठवा. शाळेच्या नावाने पाठवलंत तर ते आवक नोंदवहीत चढेल, त्याला क्रमांक मिळेल आणि मग ते कपाटात जाईल.