डिझेलमधून पाणी विकणाऱ्यास



पत्राची सुरुवात ‘सप्रेम’ने करायची पद्धत आहे. तो शब्द मला लिहवला नाही. तुमचं नाव, पंपाचं नाव, कंपनीचं नाव यातलं काहीही मी इथे घालणार नाही. पत्र कोणाला आहे ते तुम्हाला बरोबर कळेल. तुमच्या पंपावरच्या पोराला मी पाणी तपासायची पेस्ट मागितली, तेव्हा तुम्ही काचेच्या केबिनमधून बघत होता. मग तुम्ही मान खाली घातली आणि फोन कानाला लावला.

मी राळेगावात पंचवीस वर्षांपासून गाड्यांची कामं करतो. ट्रॅक्टर, जीप, पिकअप आणि हल्ली अधूनमधून अशाही गाड्या, ज्यांचं बॉनेट उघडलं की इंजिनाच्या आधी प्लास्टिकचं झाकणच दिसतं. त्यातलीच ही एक. कापसाच्या व्यापारातल्या एका घरची, दीड वर्षाची, पन्नास लाखांच्या वरची डिझेल गाडी. जुलैत वडकीच्या रस्त्याला ती पहिल्यांदा बंद पडली. धक्का नाही, धूर नाही, आवाज नाही. ऐंशीच्या वेगात इंजिन गेलं, स्टिअरिंग जड झालं, समोरच्या पट्टीवरचे सगळे दिवे एकदम लागले. ड्रायव्हरनं कशीबशी कडेला घेतली. दहा मिनिटांनी बटण दाबलं तर काही झालंच नसल्यासारखी सुरू.

दुसऱ्यांदा कळंबच्या वळणावर. तिसऱ्यांदा पुन्हा वडकीकडे.

असा बिघाड मिस्त्रीला सगळ्यात जास्त छळतो. कायमची बंद पडलेली गाडी सोपी असते, जे मेलं ते शोधायचं. बंद पडून पुन्हा चालू होणारी गाडी गॅरेजात आली की निरोगी असते. मी बॅटरीचे टर्मिनल काढून घासले. अर्थिंगची पट्टी खोलून पुन्हा आवळली. आपल्याकडे सोयाबीनची पोती घरात आली की उंदीर बॉनेटखाली घर करतात आणि वायरी कुरतडतात, म्हणून हातात बॅटरी घेऊन सगळं वायरिंग बोट-बोट बघितलं. स्कॅनर लावला. एकदा कोरा आला. एकदा कोड दाखवला की रेलमधला, म्हणजे इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या नळीतला, दाब कमी पडला. दाब कशानं कमी पडला हे स्कॅनर सांगत नाही. सेन्सर खोटं बोलत असेल, पंप थकला असेल, वायर सैल असेल, नाहीतर डिझेलच पोहोचत नसेल. डिझेलवर संशय घ्यायचं मला तेव्हा सुचलं नाही, कारण ते मी ज्या पंपावरून माझ्या स्वतःच्या मोटरसायकलीत पेट्रोल भरतो तिथलंच होतं.

गाडी नागपूरला सर्व्हिस सेंटरला गेली. चार दिवस राहिली. सॉफ्टवेअर नवीन टाकलं, क्रँकचा सेन्सर बदलला, दोष आढळला नाही असा कागद दिला. परत आल्यावर नऊ दिवस ती अशी चालली की मालकांनी मला फोन करून सांगितलं, मिस्त्री, सुटलो बाबा एकदाचे.

दहाव्या दिवशी रात्री ती बोराटीच्या बाजूला बंद पडली.

तो रस्ता तुम्हालाही माहीत आहे. याच बोराटीच्या जंगलात 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री टी-1 वाघिणीला गोळी घातली होती, आणि त्याआधी दोन वर्षं या गावांमधली माणसं अंधार पडायच्या आत घरात शिरत होती. ती भीती अजून कोणाच्या अंगातून गेलेली नाही. गाडीत मालकांची ऐंशी वर्षांची आई होती, नात्यातल्या तेरवीहून परत येत होती. पाऊस सुरू होता. काचा बंद, एसी बंद, आणि म्हातारी घामेजून एकच विचारत होती, ‘काहून थांबली रे बापू? काहून थांबली?’ चाळीस मिनिटं. मी माझी जीप घेऊन पोहोचलो तेव्हा तिचे हात बर्फासारखे गार होते.

दुसऱ्या दिवशी मालकांनी ड्रायव्हरला कामावरून काढलं.

मी ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो ते इथून पुढे आहे. चोवीस वर्षांचं पोरगं, तालुक्यातलंच. सात आठवडे सगळे त्याच्याकडेच बोट दाखवत होते. गाडी चालवता येत नाही. डिझेल काढून विकत असेल. कुठलं तरी बटण दाबत असेल. त्यानं मला दोनदा सांगितलं होतं की गाडी टाकी पाव भरलेली असतानाच बंद पडते, भरलेल्या टाकीवर कधी नाही. मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. हातात स्कॅनर असला की समोरच्या माणसाचं बोलणं कानापर्यंत येत नाही. ही माझी चूक आहे आणि ती मी त्याच्या घरी जाऊन, त्याच्या वडिलांसमोर कबूल केली आहे.

तो गेल्यावर मी मालकांकडून मोबाइलवर केलेल्या पेमेंटच्या तारखा घेतल्या. वहीच्या एका बाजूला डिझेल भरल्याचे दिवस, दुसऱ्या बाजूला गाडी बंद पडल्याचे दिवस. चारही वेळा डिझेल तुमचं. मधले चांगले नऊ दिवस नागपूरला फुल केलेल्या टाकीवर गेले होते. चौथ्यांदा बंद पडायच्या आदल्या दिवशी पुन्हा तुमच्याकडून तीस लिटर.

मग मी डिझेल फिल्टरच्या खालचा स्क्रू सैल केला आणि खाली पाण्याची रिकामी बाटली धरली. ती बाटली दुकानाच्या पायरीवर उन्हात ठेवली. अर्ध्या तासात तिच्यात दोन थर दिसायला लागले. वर पिवळसर डिझेल, खाली तीन बोटं पाणी, आणि दोघांच्या मध्ये काळपट, शेवाळासारखा चिकट पापुद्रा. पाणी आणि डिझेल फार दिवस एकत्र राहिलं की त्यांच्या सीमेवर जंतू वाढतात, तो त्यांचा मळ. मी घरातून कपड्यांची नीळ आणली आणि एक थेंब सोडला. थेंब गोळीसारखा आख्ख्या डिझेलमधून खाली उतरला, डिझेलला त्यानं जराही रंग लावला नाही, आणि तळाला टेकल्याबरोबर फुटून खालचं सगळं निळं झालं. माझ्याकडे काम शिकणारा पोरगा बघत होता. तो म्हणाला, ‘मिस्त्री, हे तं पाणीच हाय.’

तुमचं पाणी तुमच्यापेक्षा प्रामाणिक निघालं. विचारलं तेव्हा ते रंग दाखवून समोर आलं.

आता या पाण्यानं आत काय केलं तेही वाचा, कारण एवढ्याशा पाण्यानं काय होतं असं तुम्ही पुढे म्हणाल. पाणी डिझेलपेक्षा जड, म्हणून ते टाकीच्या तळाशी बसतं. टाकी भरलेली असते तेव्हा गाडीतल्या पंपाच्या तोंडाशी भरपूर डिझेल असतं. पातळी उतरली, वळणावर किंवा ब्रेकला आतलं सगळं हिंदकळलं, की पाण्याचा घोट ओढला जातो. थोडं पाणी फिल्टर अडवतो. त्याची वाटी भरली की पुढचं आत जातं. जुन्या जीपचं आणि ट्रॅक्टरचं इंजिन अशा वेळी खोकतं. फिल्टरखालच्या काचेच्या वाटीत पाणी डोळ्यांना दिसतं, ती काढायची, धुवायची, हातपंप मारून एअर काढायची, चला. या नवीन गाड्यांत डिझेल 2000 बारच्या आसपासच्या दाबानं इंजेक्टरपर्यंत जातं. गाडीच्या चाकात हवा असते सव्वादोन-अडीच बार, त्यावरून अंदाज करा. हा दाब तयार करणाऱ्या पंपाला वेगळं ऑइल नसतं, त्यातून जाणारं डिझेलच त्याचं वंगण. त्याच्या आतल्या भागांमधली फट दोन-चार मायक्रॉनची, माणसाचा केस सत्तरेक मायक्रॉन जाड. अशा फटीत डिझेलऐवजी पाणी गेलं की लोखंडावर लोखंड घासतं. त्याचा कीस रेलमध्ये जातो, रेलमधून इंजेक्टरमध्ये. इंजेक्टरच्या टोकाशी पाण्याची एकदम वाफ होते आणि ती टोकच खराब करते. मग नुसता एक भाग बदलून भागत नाही. पंप, रेल, इंजेक्टर, पाइप, टाकीची धुलाई. बिल लाखांत गेलं. वॉरंटीत ते बसलं नाही, खराब इंधनानं झालेलं नुकसान त्यात धरत नाहीत.

पाणी तुम्ही मुद्दाम ओतलं असं मी म्हणत नाही. मला तसं वाटतही नाही. आपली जमीन काळी. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसात तीच फुगते, आणि जमिनीत पुरलेल्या टाकीला, तिच्या पाइपांना ती स्वस्थ बसू देत नाही. टाकीच्या तोंडाशी असलेला खड्डा पावसानं भरतो, झाकणाचं रबर जुनं असेल तर पाणी झिरपतं. हे कोणाच्याही पंपावर होऊ शकतं. जून 2025 मध्ये रतलामला मध्य प्रदेशच्या मुख्यमंत्र्यांच्या ताफ्यातल्या 19 गाड्या डिझेल भरून निघाल्या आणि थोड्याच अंतरावर एकामागून एक बंद पडल्या. टाक्या रिकाम्या केल्या तर पाणी. तिथे त्याच रात्री पंपाला सील लागलं. इथे गाडी मुख्यमंत्र्यांची नव्हती, म्हणून सात आठवडे लागले आणि सील एका पोराच्या नोकरीला लागलं.

माझा राग पाणी आत आलं याचा नाही. ते आहे हे माहीत असून तुम्ही नळी लावत राहिलात, याचा आहे. पाणी तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. मोजायच्या काठीच्या टोकाला पेस्ट चोळायची, काठी टाकीच्या तळाला टेकवायची, वर काढायची. जिथपर्यंत पाणी, तिथपर्यंत पेस्टचा रंग बदललेला. दोन मिनिटांचं काम. पावसाळ्यात तर रोज करायचं. मी मागितली तेव्हा तुमचा माणूस म्हणाला, संपली. घनता बघायला जार आणि हायड्रोमीटर मागितला, तो ग्राहकाला दाखवावाच लागतो. पंधरा अंशांना आणलेला आकडा नोंदीपेक्षा 3 किलो प्रति घनमीटरहून जास्त हलता कामा नये. जार मिळाला, थर्मामीटर फुटलेला. तक्रारवही मागितली तर चावी मालकांकडे, आणि मालक केबिनमध्ये फोनवर. मी परत फिरताना नळीवरचं पोरगं खाली बघत हळूच म्हणालं, ‘पाऊस झाला का पाणी येते, काकाजी. शेटले माहीत हाय.’ त्याला शोधू नका. तेवढं एकच वाक्य तुमच्या पंपावर मला खरं मिळालं.

चार दिवसांनी तुमच्याकडे दोरी लागली, ‘दुरुस्तीचे काम सुरू आहे’. म्हणजे दुरुस्त करता येत होतं.

या तालुक्यात तुमचं डिझेल पन्नास लाखांच्या एका गाडीत गेलं नाही. त्या जुलै-ऑगस्टमध्ये माझ्याकडे पाच ट्रॅक्टर आले, खोकणारे, अडखळणारे. मी वाट्या धुतल्या आणि पाठवून दिले. डवरणीचे, फवारणीचे दिवस. एक शेतकरी पाऊस उघडला त्या एकुलत्या दिवशी सकाळी नऊ ते दुपारी तीन माझ्या दारात बसला होता. त्याचा तो दिवस कोणाच्या वहीत लिहिलेला नाही. मोठी गाडी बंद पडली नसती तर तारखा मांडून बघायचं माझ्याही मनात आलं नसतं, आणि तुम्ही पुढच्या पावसाळ्यातही तसेच विकत राहिला असता. हे लिहिताना मला माझीही लाज वाटते.

याच महाराष्ट्रात 25 जानेवारी 2011 ला मनमाडजवळ पानेवाडीला, मालेगावचे अप्पर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना इंधनाच्या भेसळखोरांनी जिवंत जाळलं. त्यांनी काय केलं होतं? रस्त्यानं जाताना टँकरमधली चोरी दिसली, म्हणून गाडी थांबवली आणि पुरावा घेऊ लागले. तुम्ही त्या माणसांसारखे आहात असं मी म्हणणार नाही. पण नळीतून शुद्ध डिझेल यावं यासाठी एका अधिकाऱ्यानं जेवढी किंमत मोजली, त्यापुढे दोन मिनिटांची काठी आणि पेस्टची एक ट्यूब तुम्हाला जड का झाली, याचं उत्तर मला हवं आहे.

पुरवठा विभागाकडे माझी लेखी तक्रार गेली आहे, वहीच्या दोन पानांच्या झेरॉक्ससह. गाडीच्या बिलाचं मालक आणि तुम्ही बघून घ्या. पाच ट्रॅक्टरवाल्यांची नावं माझ्याकडे आहेत, ते स्वतः येतील तेव्हा त्यांना केबिनबाहेर उभं ठेवू नका.

आणि ते गाडीवरचं पोरगं. मालकांना मी बाटली दाखवली, त्यांनी लगेच त्याला फोन लावला. ते आलं नाही. आता वणीकडे कोळशाच्या ट्रकवर आहे, रात्रपाळी करतं. त्याच्या आईनं मला सांगितलं की गावात अजून लोक म्हणतात, डिझेल चोरायचा म्हणून काढला. तुमच्या पंपाच्या छापील कागदावर, सहीशिक्क्यासह, दोन ओळी लिहून द्या: आमच्या टाकीत पाणी होतं, गाडी त्यामुळे बंद पडत होती. कागद माझ्या दुकानी आणून द्या, त्यांच्या घरी मी पोहोचवतो. बाटली खिडकीत ठेवली आहे. नीळ अजून खालीच आहे.

एक मिस्त्री,
राळेगाव