एका फळीवरचे कृषिशास्त्र

शेतकऱ्याला माहिती मिळत नाही, ही ओरड आता थांबावी. किसान कॉल सेंटर 2004 पासून फुकट बोलते आहे. राहुरी, अकोला, परभणी, दापोली अशी चार कृषी विद्यापीठे आहेत. तरी दोन एकरवाला कपाशीचे लाल पडलेले पान खिशात घालून कृषी सेवा केंद्रातच जातो, आणि योग्यच करतो. विद्यापीठ उधारी ठेवत नाही. इथे निदान, औषध आणि वही एकाच फळीवर! शिवाय कोणता माल पडून आहे हे पाहूनच निदान होत असल्याने वेळही वाचतो. बोंडअळी असो वा मॅग्नेशियमची कमतरता, दोन बाटल्या आणि वर एक टॉनिक. (अळी पहिल्यांदा वेचणाऱ्या बाईला दिसते म्हणतात, पण तिचे नाव सातबाऱ्यावर नाही, तेव्हा ती अळी ग्राह्य धरता येत नाही.)

विद्यापीठांनीही आता संशोधन आवरून शिल्लक साठ्याचे साप्ताहिक बुलेटिन काढावे. शिफारशी आपोआप जुळतील.

आमच्या दुकानदाराचीही पाच एकर कपाशी आहे. पीक झकास. फवारणी कधी करायची, हे तो कॉल सेंटरला विचारतो.