पोरगी वूड्समध्ये बसते म्हणे!

“ऐकलं का व? आक्काच्या नातीला कालेजात सीएल केलं म्हनं.”

लातूरवालीनं तुराट्यांच्या कुंपणावरून एवढं सांगितलं आणि माझ्या तोंडाकडं बघत राहिली. लातूरवाली काही लातूरची नाही, इथलीच. पोरगा ‘नीट’साठी लातूरला टाकल्यापासून गल्लीनं तिचं नव्यानं बारसं केलंय. आता तिच्या तोंडी दिवसभर टेस्ट सिरीज, रिपीटर बॅच आणि कॉट बेसिस. कॉलेजाच्या भाषेत आपण दोन पायऱ्या वर आहोत असा तिचा समज. पण सीएलनं तिलाही अडवलं होतं.

“थांब, ह्यांना विचारते,” मी म्हटलं. आमच्या ह्यांचा जन्म जिल्हा परिषदेच्या शाळेत गेला. पेपरातून मान वर न काढता ते म्हणाले, “सीएल म्हणजे किरकोळ रजा. जपून वापरायची असते.”

झालं. दुपारी भाकरी व्हायच्या आत बातमी मारुतीच्या पारापर्यंत गेली: आक्काच्या नातीला मुंबईच्या कॉलेजनं रजेवर घरी पाठवलं.

पोरगी आली होती दिवाळीला. गेल्या वर्षी ती मुंबईला सेंट झेवियर्सला लागली तेव्हाच गल्लीत कुजबुज झाली होती, की एवढी नांदेडला कॉलेजं पडलीत, स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचं विद्यापीठ १९९४ पासून उभं आहे, मग काहून एवढ्या लांब? आक्काचं उत्तर ठरलेलं होतं. किनवटला नंदीग्राममध्ये बसवायचं, गाडी थेट सीएसएमटीला. तिथून कॉलेज चालत. मध्ये कुठं उतरायचं नाही, कुठं चुकायचं नाही. नांदेडला बसस्टँडवर पोरगी हरवेल, मुंबईत हरवायची नाही, असा आक्काचा हिशेब.

“बरं, रजेचं सोड,” लातूरवाली आवाज खाली आणत म्हणाली. “तास झाला की पोरगी रोज वूड्समंदी जाऊन बसते म्हनं. ती फोनवर बोलताना म्यां माझ्या कानानं ऐकलं. ‘मी रोज वूड्समध्ये असते, तू पण ये.’ वूड्स म्हंजे जंगलच ना?”

“आता मुंबईत कुठलं जंगल?”

“तेच म्हनते मी! इथल्या रानात अस्वल निघतं म्हनून आक्कानं पोरीला कदी मोहफुलं येचायला धाडलं नाही. अन् तिथं जाऊन पोरगी जंगलात बसायली!”

एवढ्यात वाड्यातल्या मोठ्या वहिनी चिवड्याची ताटली पदराखाली धरून आल्या. मोठ्या वहिनी आल्या की साध्या बातमीचं संकट होतं.

“वूड्सचं काय घेऊन बसल्या? तिला एका विषयात केटी लागली.”

“केटी?” आम्ही दोघी एकदम.

आमच्या भागात केटी म्हटलं की नाल्यावरचा बंधारा. कोल्हापूर पद्धतीचा, लोखंडी दारं टाकायचा. दारं कुणी काढून नेली यावरून दर पावसाळ्यात भांडण होणारा. तो पोरीला कसा काय लागला?

“अन् आता मेन गोष्ट आयका.” वहिनींनी ताटली कुंपणाच्या खांबावर ठेवली. “उठता-बसता ‘फादर’ म्हनते. आमचे फादर असं म्हनले, आमचे फादर तसं म्हनले. सख्खा बाप बिचारा सोयाबीन इकायला मोंढ्यात उभा, अन् हिचा फादर मुंबईत! आधी फादर म्हनायला लावतेत. मंग हळूच बाटवतेत. अन् परवा म्यां काय बघितलं सांगू? पोरगी रानातला पाला आनून पेपरात दाबते अन् वर पाटा ठेवते. रोज सकाळी पेपर बदलते. हे काय चांगल्या घरचं लक्षन आहे?”

पाल्याचं ऐकून लातूरवालीनं छातीवर हात ठेवला. मला मात्र आमच्या रद्दीचा उलगडा झाला. ह्यांचे जुने पेपर पोरगी मागून नेत होती खरी.

हे सगळं चाललंय तोवर आक्का मागच्या दारात उभी. ऐकू कमी येतं असं ती सांगते, पण आपल्या घरचं सगळं तिला ऐकू येतं. “पोरी, बाहेर ये व,” तिनं हाक मारली. “ह्यांना तुझी परीक्षा घ्यायचीय.”

पोरगी आली ती हसतच. हातात बाजरीची लाही. “विचारा काकू.”

पहिला प्रश्न सीएल. पोरगी म्हणाली, मुंबईत एका कॉलेजच्या फेस्टला दुसऱ्या कॉलेजांचे जथे जातात. जथ्याला म्हणायचं कंटिन्जंट आणि त्याच्या म्होरक्याला कंटिन्जंट लीडर, म्हणजे सीएल. कोण नाचणार, कोण वादविवादात उभं राहणार, कुणाचा डबा राहिला, कोण लोकलमध्ये चुकलं, सगळं त्याच्या डोक्यावर. “दिंडीत वीणेकरी असतो ना, तसं,” आक्का मध्येच म्हणाली. पोरीनं मान हलवली. मग फेस्ट भरवणाऱ्यांतल्या पोरांना म्हणायचं ओसी. ओसी झाला की त्याची छाती दोन इंच वाढते आणि झोप चार तासांवर येते.

“मंग तुमच्या कालेजात काय भरतं?”

“मल्हार.”

मोठ्या वहिनींचा चेहरा उजळला. “अगं, मंग आधी नाही का सांगायचं! खंडोबाची जत्रा! आपल्या माळेगावासारखी?”

पोरीला आधी कळेचना. मग ती पोट धरून हसली. घोडे नाहीत, उंट नाहीत, भंडारा नाही. हा पावसाचा मल्हार, राग. ऑगस्टमध्ये होतो म्हणून ते नाव. १९७९ पासून चालू आहे आणि पैसा गोळा करण्यापासून मांडव घालण्यापर्यंत सगळं पोरंच करतात. मुंबईतली कॉलेजं त्यासाठी वर्षभर जीव टाकतात. जानेवारीत परत शास्त्रीय संगीताचा कार्यक्रम असतो, त्याला जॅनफेस्ट म्हणायचं. तो कॉलेजच्या अंगणातच होतो. अंगण म्हणजे क्वाड. आणि मराठी वाङ्मय मंडळाचा वेगळा महोत्सव, त्याचं नाव आमोद.

“फादरलोकांच्या कालेजात मराठी मंडळ?” वहिनी.

“हाव.”

“अन् वूड्स?” लातूरवालीनं आपला मुद्दा सोडला नाही.

वूड्स म्हणजे कँटीनशेजारची झाडाखालची बसायची जागा. चार झाडं आहेत म्हणून पोरांनी नाव दिलं वूड्स. दाराच्या आत आलं की फोयर, मग क्वाड, मग वूड्स. कोण कुठं बसतं यावरून तो कोणत्या कंपूतला ते ओळखायचं. नवीन आलेल्या पोराला वर्गाचा नंबर आठवड्यानं सापडतो, वूड्स पहिल्याच दिवशी सापडतं. तिथं बसायला मिळालं की समजायचं, आपण आता पाहुणे राहिलो नाही. पहिल्या वर्षाला एफवाय, मग एसवाय, मग टीवाय. तास बुडवला तर बंक. निसटून गेला तर कल्टी. दुसऱ्यानं तुमची हजेरी लावली तर प्रॉक्सी.

“प्रॉक्सी आम्हाला शिकवू नको,” आक्का म्हणाली. “सरपंच बाईमानूस अन् सही नवऱ्याची, हे इथं केव्हाचं चालू आहे.”

केटीचं उत्तर पोरीनं जरा खाली बघून दिलं. एटीकेटी असा मूळ शब्द, मुंबईच्या सगळ्याच कॉलेजांत चालतो. एखादा विषय राहिला तरी वरच्या वर्गात बसू देतात, तो विषय मागून सोडवायचा. “पण ती मला नाही लागली. माझ्या मैत्रिणीला लागली. मी फोनवर तिला धीर देत होते.” वहिनींनी ताटलीतला शेंगदाणा वेचून तोंडात टाकला आणि दुसरीकडं पाहिलं.

राहिले फादर. त्यावर मात्र पोरगी जरा थांबून बोलली. म्हणाली, “काकू, वर्गात हिंदू आहेत, मुसलमान आहेत, पारशी आहेत, जैन आहेत, ख्रिस्ती आहेत. देवाबद्दल मला अजून कुणी काही विचारलं नाही. हजेरीबद्दल विचारलं.” ख्रिस्ती पोरांची मिस्सा होते, ज्याला जायचं तो जातो. ३ डिसेंबरला संत फ्रान्सिस झेवियरचा सण. तो साधू स्पेनकडचा, १५४२ मध्ये गोव्याला उतरला आणि १५५२ मध्ये चीनजवळच्या एका बेटावर वारला. देह जुन्या गोव्याच्या चर्चमध्ये ठेवलाय आणि दहा वर्षांतून एकदा लोकांना दर्शनाला काढतात. २०२४ च्या नोव्हेंबरात काढला होता.

“म्हंजे पुण्यतिथीच की,” वहिनी पुटपुटल्या.

तिच्या कॉलेजचे फादर जेझुइट संघाचे. १८६९ मध्ये कॉलेज काढलं तेव्हा जर्मन होते. पहिलं महायुद्ध लागलं, इंग्रजांनी जर्मन म्हणून त्यांना हलवलं, पुढं स्पेनचे आले. त्यांतले हेरास नावाचे फादर इतिहासाचे. त्यांनी १९२६ मध्ये इतिहासाची संशोधन संस्था काढली आणि मोहेंजोदडोची लिपी वाचायच्या नादात आयुष्य घातलं. “अन् तुमचा पाला, वहिनी,” पोरगी म्हणाली, “तो ब्लॅटर फादरांमुळं.”

पोरगी वनस्पतिशास्त्राची. कॉलेजात ब्लॅटर हर्बेरियम आहे, १९०६ चं. स्वित्झर्लंडचे हे फादर झाडापाल्याचे वेडे. फुलाफळासकट डहाळी आणायची, पेपरात दाबायची, पेपर ओला झाला की बदलायचा, नाहीतर बुरशी धरते. सुकली की जाड कागदावर चिकटवायची आणि खाली लिहायचं: कुठं मिळाली, कोणत्या तारखेला, कुणी आणली. असे लाखाच्या वर कागद तिथल्या कपाटांत आहेत. त्याच कॉलेजात शिकवणारे सांतापाव फादर पुढं अख्ख्या देशाच्या वनस्पती सर्वेक्षण खात्याचे संचालक झाले, १९६७ मध्ये पद्मश्री मिळाली. पोरीनं सहस्रकुंडाकडच्या वाटेवरची चार झुडपं दाबायला घेतलीत. कागदाखाली ‘इस्लापूर, जि. नांदेड’ असं लिहायचंय तिला.

हे ऐकताना आमचे हे पेपर घेऊन अंगणात आले. मास्तराला कुंपणाशी तास चाललेला दिसला की राहवत नाही. “उस्मानाबादला २०२० च्या जानेवारीत ९३ वं साहित्य संमेलन झालं. अध्यक्ष कोण?” त्यांनी वहिनींनाच उभं केलं. वहिनींना माहीत नव्हतं. “फादर फ्रान्सिस दिब्रिटो. वसईचे. बायबल मराठीत आणलं, त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार. आपल्याच मराठवाड्यात संमेलन झालं आणि अध्यक्ष फादर. काही लोकांनी तेव्हाही तुमच्यासारखीच ओरड केली होती. आणि ह्या पोरीच्या जेझुइटांतलाच एक इंग्रज, थॉमस स्टीफन्स, गोव्यात मराठी शिकला आणि येशूची कथा ओव्यांत लिहिली. ‘ख्रिस्तपुराण’, १६१६ मध्ये छापलं.” एवढं बोलून ते परत पेपरात शिरले.

वहिनी मात्र हटल्या नाहीत. “ते समदं खरं. पन पोरीची बोली बगा की. अर्धं आपल्याला कळतच नाही. वूड्स काय, क्वाड काय. उद्या आपल्यातली राहील का?”

आता आक्कानं दाराची चौकट सोडली आणि कुंपणाशी आली.

“माझा सासरा किती भाषा बोलायचा, ठावं आहे? ५६ साली मुंबई राज्यात आलो आपन. त्याच्या आधी आपलं इस्लापूर सर्कल बोथ तालुक्यात अन् जिल्हा आदिलाबाद. कचेरीत गेला की उर्दू. बाजारात कोमट्याशी तेलुगू. तांड्यावर गोरमाटी. गोंडाच्या पाड्यावर मोह घ्यायला गेला तर तिथलं मोडकंतोडकं. घरात आल्यावर मायीशी मराठी. कोन म्हनलं त्याला बाटला म्हनून? ज्याच्या दारात जाईल त्याचं बोलायचा म्हनून त्याला समदी घरं उघडी होती. वहिनी, तुमी सोता बांगड्यावालीशी घासाघीस कोन्या भाषेत करता? तेलुगूतच ना? मंग ह्या पोरीनं मुंबईच्या दारातलं बोललं तर तुमाला काहून टोचायलं?”

वहिनींना उत्तर सुचलं नाही. तेलुगूत घासाघीस करण्यात त्यांचा हात गल्लीत कुणी धरत नाही.

“अन् आजी, आमच्या ग्रुपमधली पारशी पोरगीबी आता ‘काहून’ म्हणते,” पोरगी म्हणाली. “दोन वाक्यांत एकदा. ‘बंक काहून केलास?’ पहिल्यांदा मला सगळे चिडवायचे, गावाकडची म्हणून. आता ‘हाव’ आणि ‘काहून’ वूड्समध्ये चालतात.”

लातूरवालीनं मग विचारलं, अभ्यास कधी करता? पोरगी म्हणाली, करतोच, आणि वर साठ तास समाजाचं काम करावं लागतं. अंध विद्यार्थ्यांना वाचून दाखव, वस्तीतल्या पोरांना शिकव. सोशल इन्व्हॉल्व्हमेंट प्रोग्रॅम, पोरं म्हणतात एसआयपी. पैसे नाहीत, नुसती सही. “म्हंजे श्रमदान,” लातूरवाली म्हणाली. तिच्या पोराला लातूरला त्या पोरीएवढे मित्र नाहीत, हे तिला तेवढ्यात आठवलं असावं, कारण ती जरा गप्प झाली. टेस्ट सिरीजमध्ये शेजारचा पोरगा मित्र नसतो, रँकमधला धोका असतो.

आक्का पोरीला घेऊन आत गेली. लातूरवालीला नळाची आठवण झाली. मी ताटली वहिनींच्या हातात दिली, पण त्या हलेनात. इकडं-तिकडं बघून कुंपणाला अगदी चिकटल्या आणि म्हणाल्या,

“फार्म कदी निघतेत व तिथले?”

“कुठले?”

“त्या फादरच्या कालेजाचे. माझ्या भाच्याची पोरगी औंदा बारावीला आहे. हुशार आहे, पन इंग्रजीला जरा भेते. आक्काला इचारू नको, माझं नाव तर घेऊच नको. तू आपलं सहज इचारल्यावानी इचार.”

“अन् बाटवलं तर?”

“चूप बस,” वहिनी म्हणाल्या. “असल्या गोष्टीकडं आत्ताच कोन ध्यान देतं? अन् हास्टेलचं पन इचार. वूड्सच्या जवळ असलं तर बरं.”