माझ्याकडं तर उघडतंय की!

कॉम्प्युटरच्या विषयात मामांना आजवर कुणी हरवलेलं नाही, कारण त्यांचा शेवटचा मुद्दा ठरलेला असतो : "माझ्याकडं तर उघडतंय की!"

हा वाण तसा जुना. गच्चीवर अँटेना फिरवत "आता आलं का?" म्हणून खाली ओरडायचे, ते हेच लोक. नांदेडला श्रीनगरात मामांच्या दिवाणाखाली एक म्हातारा सीपीयू रात्रंदिवस घरघरत असतो. निवृत्तीनंतर मामांनी त्याचा वेब सर्व्हर केला. त्यावर घराण्याची वंशावळ आणि तीन लग्नांचे फोटो आहेत. त्याचा पक्का लाभार्थी मात्र एकच : थंडीत त्याच्या उबेला ठेवलेलं मामींचं विरजण.

लातुरातला प्रेक्षक मी.

"बाळा, लिहून घे. एकशेब्याण्णव, एकशेअडुसष्ट, एक, दहा. काय दिसलालंय?"

"काही नाही मामा, नुसतं चक्र फिरलालंय."

"मग तुझं नेट गंडलंय."

१९२.१६८ नं सुरू होणारे पत्ते घरातल्या घरात वापरायचे. पाकिटावर नुसतं 'माडीवरची खोली' लिहिलं, तर ज्यानं त्यानं आपापल्याच माडीवर जायचं. मी लातुरात माझ्याच माडीवर मामांना शोधत होतो. हे सांगितलं तर म्हणाले, "व्हायरस असंल."

पुढं चार दिवस फायरवॉल बंद-चालू झाली, राऊटरचा उद्धार झाला, ८० नंबरचं पोर्ट उघडून झालं. आमच्या गंजगोलाईला सोळा रस्ते मिळतात, पण मामांच्या दिवाणाखाली एकही जाईना. २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून रेल्वेनं पाणी लातुरात पोचलं. नांदेडहून वंशावळ पोचेना.

शेवटी मी मामांना राऊटरवरचा बाहेरचा पत्ता वाचायला लावला. तो निघाला १००.६४ वाला. तिथंच दुखणं होतं. आयपीव्ही-४ चे पत्ते एकूण सुमारे ४३० कोटी. ते पुरत नाहीत म्हणून नेटवाले कितीतरी गिऱ्हाइकं एकाच सार्वजनिक पत्त्यामागं बसवतात. आतून बाहेर जाता येतं, बाहेरून येणाऱ्याला मात्र कुणाच्या घरी सोडायचं ते दारावर ठाऊक नसतं. वाड्याचा दिंडीदरवाजा बंद, आणि मामा आपल्या खोलीची कडी काढून पाहुण्यांची वाट बघत बसलेले! नेटवाल्याकडून स्वतंत्र पत्ता विकत घ्या, म्हटलं.

'विकत' ऐकून मामा दोन दिवस गप्प. तिसऱ्या दिवशी लोहा-अहमदपूरमार्गे एसटीनं दारात हजर, मांडीवरून सीपीयू सांभाळत आणलेला. त्याचं तिकीट काढायचं की नाही, यावर कंडक्टरशी अहमदपूरपर्यंत वाद चालला होता म्हणे. चहालाही न थांबता त्यांनी माझ्या राऊटरला वायर जोडली, तोच पत्ता टाकला, आणि स्क्रीनवर फेटा बांधलेले पणजोबा अवतरले.

"उघडलं का नाही? तुला म्हणलो होतो!"

तेवढ्यात नांदेडहून मामींचा फोन. लग्नाचे फोटो बघायला शेजारणी येऊन बसल्या होत्या, आणि काहीच दिसंना.

मामा खुर्चीत मागं रेलले. "अगं, माझ्याकडं तर उघडतंय की! तुझंच नेट गंडलं असंल."